निव्वळ साठ किलो

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नियमित वाचतो, पण शेवटाकडून. पांढरी साडी कितव्या परिच्छेदात येते, एवढंच बघायचं असतं. मंठ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आजवर भुतांपेक्षा अनुस्वारांनी मला जास्त छळलंय. तेव्हा खालचं वाचून कुणी 'शेवटी सरही आपल्यात आले' म्हणणार असेल तर थांबा... मी कुठंही आलेलो नाही. जे दिसलं ते लिहितोय. सोबत एक पावती आहे, ती पाकिटात जपून ठेवलीय.

मंठ्याहून जालन्याकडं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला एक वजनकाटा लागतो. ट्रक मावेल एवढी लोखंडी प्लेट, बाजूला एक खोली, आणि खोलीच्या भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. सोयाबीनचा ट्रॅक्टर आधी भरलेला मोजतात, माल उतरवून आला की रिकामा मोजतात. वजाबाकी म्हणजे निव्वळ. माझा शाळेपासूनचा मित्र गौतम तिथं अकरा वर्षं ऑपरेटर होता.

"हा काटा दहा-दहा किलोनंच बोलतो, मास्तर," तो सांगायचा. "त्याच्या खालचं त्याला ऐकूच येत न्हाई."

रविवारी गाड्या कमी. दुपारी चारला मी आणि दत्ता तिथं जायचो. दत्ता आमचा तिसरा. शेतातल्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतो, आणि मोटार जळली त्याला शेतकऱ्याचं नशीब जबाबदार, असं गंभीर चेहऱ्यानं पटवून देतो. चहा झाला की आम्ही तिघं प्लेटवर चढायचो. का, ते विचारू नका. तिघांनी शाळेत असताना सुरू केलेल्या गोष्टींना कारण नसतं, आणि ही तर पुढं चाळिशीत सुरू केलेली.

"दोनशे दहा!" गौतम पाटी मोठ्यानं वाचायचा. "मास्तर सत्तर, दत्ता ऐंशी, मी साठ. पावतीवर माल काय टाकू?"

"मास्तर रद्दी, मी सरकी," दत्ता म्हणायचा. "अन् तू भुसा. वारं आलं की उडून जाशील लेका."

मग एकमेकांना 'काय चाललंय?' विचारायचं, आणि तिघांचं उत्तर एकच: "निवांत." हा शब्द म्हणजे आमच्याकडं दाराची आतली कडी. घातली की बाहेरच्यानं परत जायचं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात मानसिक आरोग्यावर कार्यक्रम झाला. 'मन मोकळे करा' असा बॅनर. त्यावर मन लहान आणि पाहुण्यांचे फोटो मोठे. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. दीपप्रज्वलन, शाली, नारळ, स्वागतगीत, आणि ज्यांची मनं मोकळी करायची त्या मुलांसाठी उरली दहा मिनिटं. तीही मी खाल्ली. 'बोला, मित्राजवळ बोला, बोललं की हलकं वाटतं' असं बरंच काही म्हणालो. टाळ्या पडल्या. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी गौतमला बोलावून घेतलं होतं. शेवटच्या रांगेत बसून त्यानं सगळं ऐकलं, आणि नंतर गेटपाशी मला गाठलं.

"मास्तर, पाच मिनिटं हायती का?"

"पाहुण्यांना जेवायला न्यायचंय रे. रविवारी बोलू."

"बोलू की," तो म्हणाला. "निवांत."

रविवारी आम्ही काट्यावर गेलो. दोनशे दहा भरलं. चहा झाला. मी विचारायचं विसरलो.

बुधवारी गौतमनं स्वतःला संपवलं. कसं, ते लिहिणार नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गौतमला आदरांजली वाहायच्या दिवशी दत्तानं सगळ्या खुर्च्या मांडल्या, सगळ्या परत उचलल्या, आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेला. नंतर महिनाभर तो दिसला नाही. शेवटी एका रविवारी मी त्याच्या दुकानावर गेलो. शटर अर्ध्यावर. आत दत्ता दाढी वाढवून बसलेला. समोर मोटार उघडी, हातात तांब्याची तार, आणि तो नुसता तिच्याकडं बघून राहिलेला.

"दत्ता, काय चाललंय?"

"निवांत."

एक मित्र याच शब्दाच्या मागं बसून गेला होता. आता दुसऱ्यानं आतून कडी लावली होती.

"चल, काट्यावर जाऊ."

"आता काय राह्यलंय तिथं?"

"चहा राहिलाय. ऊठ."

काट्यावर गौतमच्या जागी वैशाली नावाची मुलगी आली होती. परतूरकडची, नुकतीच पदवीधर. तिनं गौतमला कधी पाहिलेलं नव्हतं. रस्ता रिकामा होता. दत्ता सवयीनं प्लेटवर चढला. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. पाटीकडं मी बघितलंच नाही. वाचायचं काम गौतमचं होतं.

"मास्तर..." दत्ता म्हणाला. "वर बघ."

दोनशे दहा.

उतरलो. शून्य. चढलो. दोनशे दहा. मी एकटा, सत्तर. दत्ता एकटा, ऐंशी. दोघं मिळून परत दोनशे दहा. दहा किलोची चूक मी समजू शकतो. साठाची कशी समजू? तेवढ्यात एक रिकामी पिकअप आली. तिचं वजन सकाळच्या पावतीइतकंच भरलं, दहा किलोचाही फरक नाही. ती गेल्यावर आम्ही पुन्हा चढलो. दोनशे दहा.

खिडकीतून वैशालीनं विचारलं, "सर, तुमच्यासोबत अजून कोणी उभंय का? उन्हामुळं नीट दिसंना राह्यलं."

"नाही."

"बरं. मी भरलेलं वजन म्हणून नोंद केलीय. माल काय टाकू?"

दत्ता होता तिथंच, तापलेल्या लोखंडावर, मटकन खाली बसला.

"त्यानं मला सांगितल्तं, मास्तर."

"काय?"

"झोप येईना राह्यली म्हणला. दोन महिने झाले म्हणला. छातीवर कुणीतरी येऊन बसल्यागत होतंय म्हणला. अन् मी काय म्हणलो, माहितीये?" त्याचा आवाज फाटला. "म्हणलो, साठ किलोचा तू, तुझ्यावर बसंल कोण? अन् हसलो. तो बी हसला, मास्तर. बराबर माझ्यासारखाच हसला."

मग मी त्याला गेटपाशी मागितलेल्या पाच मिनिटांचं सांगितलं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पाहुण्यांना त्या दिवशी काय वाढलं होतं तेसुद्धा सांगितलं, कारण ते मला पदार्थांसकट पाठ आहे.

मी त्याच्या शेजारी प्लेटवर बसलो.

"आणि तुला?" मी विचारलं.

"मला काय?"

"तुला झोप येते का?"

"निवां..." तो म्हणाला, आणि थांबला. त्यानं प्लेटवर हात टेकले. "न्हाई येत. बिलकुल न्हाई येत. कधी कधी वाटतं, आपण बी जावं त्याच्याकडं. सॉरी तरी म्हणता येईल."

त्या क्षणी मला बॅनरवरचं एकही वाक्य आठवलं नाही. 'उद्या डॉक्टरकडं जाऊ, मग बोलू' एवढं ओठांवर आलं होतं. त्यातलं 'मग बोलू' मी गिळलं.

"उद्या जालन्याला डॉक्टरकडं जायचं, मी सोबत आहे. आणि आत्ता बोल. मला कुठंच जायचं नाहीये."

तो बोलला. मीही बोललो. मधेच एक ट्रॅक्टरवाला आला, दोन बाप्ये प्लेटवर बसून रडताना पाहून त्यानं हॉर्न वाजवला नाही, ट्रॅक्टर लांब उभा करून बिडी ओढत थांबला. आम्ही बाजूला झालो, त्याचं वजन झालं, आम्ही परत जाऊन बसलो. हा माणूस पुन्हा भेटला तर त्याला मी शाल देणार आहे. खरीखुरी, भाषणाशिवाय.

ऊन उतरलं तेव्हा वैशालीनं हाक मारली. "सर, दुसरं वजन दिल्याबिगर पावती बंद होत न्हाई. मला घरी जायचंय."

आम्ही उठून उभे राहिलो. तेच दोघं, तेच कपडे, त्याच जागी.

दीडशे.

पावती पाकिटात आहे, कुणालाही दाखवीन. भरलेलं दोनशे दहा. रिकामं दीडशे. निव्वळ साठ. मालाचा रकाना कोरा.

काटा दुरुस्त करणाऱ्यानं नंतर तपासला. खालच्या सेन्सरमध्ये ओलावा गेला असेल म्हणाला. असेल. पण तो ओलावा पिकअपला आणि ट्रॅक्टरला सोडून नेमका आम्हा दोघांनाच का धरून बसला, आणि मोजून साठच किलोचा का, हे त्याला सांगता आलं नाही. गौतमचं म्हणाल, तर त्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आपण भूत झालोय असं कुणी सांगितलं असतं तर त्यानंच पहिल्यांदा पुरावा मागितला असता. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. रकाना कोराच आहे.

दत्ता दर महिन्याला जालन्याच्या डॉक्टरांकडं जातो. झोप थोडी येते. शटर आता पूर्ण वर असतं. 'काय चाललंय?' विचारलं तर कधी कधी "आज बेकार चाललंय" म्हणतो, आणि मी चहा सांगतो.

रविवारी आम्ही अजूनही प्लेटवर चढतो. दर वेळी दीडशे. एकदा मी, कुणाला न सांगता, आमच्या दोघांच्या मधे एका माणसाची जागा सोडून उभा राहिलो. दत्तानं पाहिलं. तोही थोडा सरकला. दीडशेच.

बोललं की हलकं वाटतं, असं मी भाषणात म्हणालो होतो. खोटं नव्हतं ते. त्या संध्याकाळी पाटीवरचा आकडा उतरला तेव्हा आम्ही साठ किलोनं हलके झालो. आणि तिथं उभं राहून मला फक्त एवढंच वाटत होतं, की काट्यानं अजून थोडा वेळ चुकावं.