हाराचा दोरा आणि करवतीचा बोल्ट

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. घाटकोपरला आग्रा रोडलगतच्या एका लाकडाच्या कारखान्यात गोल करवतीने एका माणसाची तीन बोटं गेली, एवढीच गोष्ट. पण तीन दिवस तिथल्या माणसांनी मला जेवढं पिडलं, तेवढं दरोडेखोरांनी सगळ्या नोकरीत पिडलं नाही.

साल ऐंशीच्या पुढचं. संक्रांत होऊन गेली होती. मी तेव्हा हवालदार होतो. शाळा चौथीपर्यंत, पण पंचनामा मी लिहिला की कोर्टात वकील गप्प बसायचे. कारण साधं आहे. काय सोडायचं हे शिकलेल्यांना कळतं, मला कळत नाही. म्हणून मी दिसेल ते सगळं लिहितो.

सकाळी पोलीस ठाण्यात फोन आला तो कारखान्याच्या शेठचा. म्हणाला, माझ्या मिस्त्रीने आज मशीनचा गार्ड काढून ठेवला आणि दुसऱ्या माणसाचा हात घालवला, त्याला धरून न्या. खबर देणाराच आरोपी ठरवून देतो तेव्हा मला चीड येते. मग आम्ही कशाला आहोत?

गेलो. टेबलाच्या फटीतून अर्धं वर आलेलं गोल पातं. त्यावर लोखंडी टोपी बसते, तोच गार्ड. पात्यामागे एक जाड पट्टी उभी असते, तिच्या आणि टोपीच्या भोकातून एकच बोल्ट जातो, झालं काम. टोपी खाली भुशात पडली होती. पात्याच्या दातांवर राळ साचून काळी पडलेली, धार अशी की माझं बोटही कापलं नसतं. लाकूड ओलं. ओल्या लाकडाने बोथट पात्याला आवळलं, पात्याने ते उलटं मिस्त्रीकडे फेकलं आणि पलीकडून लाकूड ओढणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर पात्यावर गेला. टोपी असती तर हात टोपीवर आपटला असता. हे समजायला इंजिनियर लागत नाही.

आणखी पाच कामगार होते. पाचही जण म्हणाले, आम्ही चहाला गेलो होतो. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, माझ्या बाकड्यावर तिघं बसले तर चौथा पडतो. पाच कुठले?" शेठचं मीठ खातात, बोलणार नाहीत. डोकं भिंतीवर आपटावं, की त्यांचं आपटावं, कळेना.

शेठ मात्र बोलायचा थांबत नव्हता. दिवाळीच्या आधीपासून, पावसाळ्यापासून, मशीन घेतल्यापासून गार्ड लावलेलाच होता, आज सकाळी याने काढला, मी ओरडलोसुद्धा. जबाब मी शब्दाला शब्द लिहून घेतला आणि सही घेतली.

पंचनाम्यात मी सगळं टाकलं. बोथट दात, ओलं लाकूड, पट्टीवर हळदकुंकवाची सुकलेली बोटं, पट्टीच्या भोकातून दोरा ओवून बांधलेला झेंडूचा वाळका हार. फौजदारसाहेब वाचून हसले. "काय हवालदार, पंचनाम्याला गेला होतात की मशीनचं लग्न लावायला?" मी म्हटलं, दिसलं ते लिहिलं. ते म्हणाले, मिस्त्रीला दोन-तीन दिवसांत कोर्टात उभा करा, निष्काळजीपणाने जबर दुखापत, कलम ३३८ लावा, संपवा.

मिस्त्री मालवणकडचा, पन्नाशीचा, घट्ट तोंडाचा. ज्याची बोटं गेली तो त्याच्याच गावचा, त्यानेच कामाला आणलेला. दोन दिवस मी त्याला विचारलं. समजावलं, दरडावलं, चहा पाजला. उत्तर एकच.

"गार्ड मी काढूक नाय."

मग कोणी काढला? कधी काढला? पातं बोथट आहे हे शेठला सांगितलं होतंस का? गप्प. शेवटी मीच ओरडलो, अरे बाबा, तू आत जाशील, बायकापोरं गावाला काय तोंड दाखवतील? तेव्हा खाली बघून म्हणाला, "मशीन माझ्या हातात होता. हात तेचो गेलो. आता माझा काय व्हायचा ता होव दे."

अशा माणसाला वाचवायचं तरी कसं? गुन्हा केलेला खोटं बोलतो ते मला चालतं. न केलेला गप्प बसतो तेव्हा माझं रक्त उसळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. जप्त केलेल्या गार्डची चिठ्ठी सुटून पडली होती. चरफडतच दोरा घेतला, गार्डच्या भोकात ओवला आणि गाठ मारली. गाठ मारताना हात थांबला. या भोकात दोरा जातोय, कारण यात बोल्ट नाही. आणि तिकडे पट्टीच्या भोकात हाराचा दोरा आहे. झेंडूचा. दसऱ्याचा. तीन दिवस तो हार माझ्या डोळ्यांसमोर होता, मी माझ्याच हाताने लिहिला होता, आणि अक्कल आता आली.

दोन पंच घेऊन कारखान्यात गेलो. शेठला घाई केली नाही. खंडेनवमीचा विषय काढला. तुमच्याकडे पूजा जोरात होते म्हणे. शेठ फुलला. "जोरात म्हणजे? मी स्वतः करतो साहेब. हार पण मीच बांधतो, नोकराच्या हातून देवाचं काम नाही करून घेत."

"हा हार तुमच्या हातचा?"

"माझ्याच. पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही."

पंचांना म्हटलं, ऐकलंत ना. मग गार्डच्या भोकाच्या मापाचा आणलेला बोल्ट खिशातून काढून शेठच्या हातात दिला. "एवढा त्या भोकात घाला, शेठ."

बोल्ट अर्धा इंचही जाईना. दोऱ्याची गाठ भोकात कुंकवासकट वाळून दगड झाली होती. दसऱ्याला बोल्ट असता तर दोरा गेला नसता, आणि दसऱ्यानंतर बोल्ट बसला असता तर दोरा राहिला नसता. शेठने हार उपटायला हात घातला.

"तोडू नका. कागदावर आहे तो."

शेठ खाली बसला. मग जे बोलला त्याने मला आणखी चीड आली. "सगळेच काढतात हो. टोपी असली की मोठं लाकूड अडतं. पातं धारेला पाठवलं की दिवस फुकट जातो." म्हणजे माहीत होतं. न माहीत असलेल्याची मी कीव करतो, याची कशाला करू? शेठ बसलेला दिसल्यावर चहाला गेलेल्या पाचही जणांना एकदम आठवलं, की मिस्त्रीने गार्ड दोनदा मागितला होता आणि धारेचं पातं तीनदा.

मिस्त्री सुटला. शेठवर गुन्हा लागला, कोर्टात पुढे काय व्हायचं ते झालं. फौजदारसाहेबांनी माझ्या पंचनाम्यावर परत कधी विनोद केला नाही.

या केसने मला एक शिकवलं. माणूस हत्याराची पूजा करतो, हळदकुंकू लावतो, पाया पडतो, पण त्याला धार लावत नाही आणि निघालेला बोल्ट परत बसवत नाही. देवाने सांभाळावं म्हणतो. देवाला हेच काम आहे का?

वर्षभराने मुलुंडला कामाने गेलो होतो. मिस्त्री तिथल्या एका कारखान्यात लागला होता. मुद्दाम डोकावलो. गार्ड जागेवर होता, मी हाताने हलवून बघितला, बोल्ट घट्ट. दसऱ्याचा हार भिंतीवरच्या खिळ्याला होता. मला बरं वाटलं. ते दोन मिनिटंच टिकलं. चिरलेल्या फळीची ढलपी पात्याजवळ अडकली, आणि हा शहाणा चालू मशीनवर टोपीखाली बोटं घालायला निघाला. मी ओरडणार, तोच मोटर बंद पडली.

भिंतीजवळ स्टुलावर त्याचा गाववाला बसला होता, तोच, बोटं गेलेला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी, तेवढ्यांनी त्याने स्विचची दांडी खाली ओढून धरली होती.

मिस्त्री त्याच्यावर खेकसला, "बंद कित्याक केलंस? येळ जाता." मी मिस्त्रीवर खेकसलो. गाववाल्याने आम्हा दोघांकडे बघितलंच नाही. मोटर बंद झाली तरी पातं फिरतच असतं, तो पात्याकडेच बघत होता. पातं मंद झालं, दात मोजता येऊ लागले, मग पुरतं थांबलं.

"आता काढ," तो म्हणाला.