भिंतीवरचं आमचं दार

आमच्या गल्लीतल्या माणसांबद्दल चांगलं काही लिहायचं झालं तर मला बराच विचार करावा लागेल आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही. मी टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात बसते. दिवसभर अनोळखी लोकांच्या शिव्या पगार घेऊन खाते आणि घरी येऊन ओळखीच्यांच्या फुकट खाते. लिहायचं आहे ते माझ्या वहिनीबद्दल. गल्ली तिच्या आड आली, म्हणून नाइलाजाने गल्लीबद्दलही लिहिते आहे.

वहिनी पेंटर आहे. दुकानांच्या पत्र्याच्या पाट्या, शाळांचे फलक, गाड्यांच्या नंबरप्लेटा, असलं काम. धंदा मुळात माझ्या दादाचा. लग्न झाल्यावर ती त्याच्या हाताखाली अक्षरं गिरवायला बसली आणि बघता बघता त्याच्या पुढे गेली. दादा स्वतःच सांगायचा, "हिची अक्षरं उभी राहतात, माझी बसतात." दादा गेला तेव्हा दुकानाला कुलूप लागणार हे गल्लीने धरूनच ठेवलं होतं. जागेवर डोळा ठेवून दोघं-तिघं तेराव्या दिवसाची वाटसुद्धा न बघता विचारून गेले. कुलूप लागलं नाही. तेव्हापासून वहिनीचं नाव ब्रशवाली पडलं आणि ते उच्चारताना नाक मुरडायची पद्धतही.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिला एकच खिडकी आणि खिडकीसमोर, चिंचोळी गल्ली सोडली की, बंद पडलेल्या गोदामाची लांबलचक भिंत. अख्खी गल्ली या भिंतीशी कचरा टाकायची. कचऱ्याची गाडी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, पण आत वळायला तिला जागा नव्हती. तिथपर्यंत हातात पिशवी घेऊन जाणं आमच्या लोकांच्या इभ्रतीत बसत नव्हतं. दारातून हात लांब केला की भिंत, मग कशाला पाय मोडायचे?

खिडकी उघडी ठेवली तर घाण वास आणि माशा. माशी ओल्या अक्षरावर बसली की अक्षर गेलंच. खिडकी बंद ठेवली तर ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनची वाफ खोलीत कोंडायची. वहिनी खोकून खोकून दुमडायची. डॉक्टरने छातीला नळी लावली आणि सरळ सांगितलं, "बाई, एक तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हे काम सोडा." काम सोडणं म्हणजे काय हे डॉक्टरला कसं कळणार? तिच्याकडे दादाचं म्हणून उरलं होतं ते तेवढंच.

ती गल्लीच्या कमिटीकडे गेली. कमिटीचा सेक्रेटरी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. खुर्चीतून न उठता म्हणाला, "वहिनी, वास खरं तर तुमच्या रंगांचाच जास्त येतो. आम्ही कधी बोललो का?" बाकीचे खो खो हसले. कमिटीतली बेकरीवाली तर डोळे पुसत हसली. मी तिथे असते तर एखाद्याच्या डोक्यात स्टूल घातलं असतं. वहिनी घरी आली आणि गोदामाच्या भिंतीला चुना लावायला लागली.

चुना वाळला तशी तिने भिंतीवर दारं काढली. गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार, अगदी जसंच्या तसं. बेकरीवालीच्या दाराचा उंदराने कुरतडलेला कोपरा, सेक्रेटरीच्या दाराची पितळी कडी आणि तिच्याखालचा अर्धवट खरवडलेला स्टिकर, सगळं. गल्ली जमा झाली. जो तो आपापल्या दारासमोर उभा राहून बघत होता. वहिनी मला हळूच म्हणाली, "स्वतःच्या दारात कुणी घाण करत नाही."

ते खरंच निघालं. स्वतःच्या दारात कुणी केली नाही. बेकरीवालीने अंड्यांची टरफलं भिंतीवरच्या सेक्रेटरीच्या दारात टाकली. दुसरीकडे कुठे बेकरी नसल्यामुळे टरफलं कोणाची हे विचारावं लागलं नाही. सेक्रेटरीने भुसा आणि फाटके खोके बेकरीवालीच्या दारात टाकले. मग अख्ख्या गल्लीला स्फुरण चढलं. ज्याचं ज्याच्याशी वाकडं होतं तो त्याच्या दारापर्यंत पिशवी घेऊन जायला लागला. ज्या माणसांना गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत नव्हतं ती आता वैऱ्याच्या दारासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. भांडणं रस्त्यावर आली. कुणीतरी कुणाची कॉलर धरली आणि कमिटीची तातडीची बैठक बसली.

या वेळी मी वहिनीबरोबर गेले.

"तुम्ही गल्लीत आग लावलीत," सेक्रेटरी म्हणाला. "आजच्या आज ती दारं पुसा."

"पुसते," वहिनी म्हणाली.

"सगळ्यांची दारं काढली हिने," बेकरीवाली हात नाचवत म्हणाली, "स्वतःचं तेवढं बरोब्बर वगळलं! शहाणी!"

"हो ना! हिचं कुठंय?" चारी बाजूंनी आवाज उठला. महिनोन् महिने एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका सुरात ओरडायला लागली.

वहिनीने एकजात आपल्याकडे वळलेल्या त्या तोंडांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "राहिलं खरं. काढते."

तिने सगळी दारं चुन्याखाली घातली आणि आमचं दार काढलं. एकच. पण आमच्या खिडकीसमोर नाही, भिंतीच्या पार त्या टोकाला, गल्लीच्या तोंडाशी, जिथे गाडी उभी राहते तिथे. एवढ्या लांब का, असं सेक्रेटरीने विचारलं तर म्हणाली, "तिथे उजेड चांगला आहे."

संध्याकाळी मी ते दार पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. हिरवा रंग, ढिली कडी, सगळं बरोबर होतं. आणि मधोमध दादाच्या नावाची पाटी होती. त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली, घरी आमच्या दारावर अजून लावलेली ती पाटी. तिची बसकी अक्षरंसुद्धा वहिनीने तशीच्या तशी उतरवली होती. त्यांच्यावर आदल्या जेवणाची खरकटी ओघळत होती.

मी घरी येऊन किंचाळले. "तुला काही लाज? माझ्या भावाच्या नावावर लोकांची खरकटी पडतायत! पूस ते नाव!"

"नाव पुसलं तर ते दार आपलं वाटणार नाही," वहिनी ब्रश धूत म्हणाली. "आणि आपलं वाटलं नाही, तर इतक्या लांब टाकायला कोण जाईल?"

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ती म्हणाली. "फार वाटतं." आणि तोंड फिरवून टर्पेंटाइनच्या डब्याचं झाकण शोधायला लागली. झाकण तिच्यासमोरच होतं.

मी तिच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. पण डोळे तर मिटता येत नव्हते. म्हातारी माणसंसुद्धा काठी टेकत आमच्या दारापर्यंत जात होती, पिशवी नेम धरून मारत होती आणि हलक्या मनाने परतत होती. गाडीवाला तिथूनच ढीग उचलून नेत होता. बाकीची भिंत स्वच्छ झाली होती. गल्लीला शिस्त लावायला जे प्रेमाला, विनंतीला जमलं नव्हतं ते आमच्याबद्दलच्या द्वेषाने करून दाखवलं. एका सकाळी दुकानाची खिडकी उघडी होती आणि वहिनी खोकत नव्हती. मी चहा करून तिच्यापुढे ठेवला.

मग सेक्रेटरी आला, प्रथमच, आणि उंबऱ्यातूनच गोड हसला. वॉर्ड ऑफिसचे लोक स्वच्छ गल्ली बघायला येणार होते, फोटो निघणार होते.

"तेवढं ते दार पुसून टाका, वहिनी. तिथे पाटी रंगवा. कमिटीच्या प्रयत्नातून स्वच्छ झालेली गल्ली. खाली माझं नाव."

"दार पुसलं तर लोक परत भिंतभर टाकतील," वहिनी म्हणाली. "दार राहू द्या. मी नावच बदलते. यांच्या नावाच्या जागी तुमचं घालते, मोठ्या अक्षरात."

सेक्रेटरीने मान वळवून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. बेकरीवाली नुकतीच टरफलं मारून परतत होती.

"तशी घाई नाही," तो म्हणाला. "असू दे सध्या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर तोच माझ्यापुढे चालत होता, हातात पिशवी. आमच्या दारापाशी थांबला, हात मागे नेला आणि दादाच्या नावावर पिशवी आपटली. माझ्या तोंडात शिवी आली होती. मी वळून दुकानाकडे पाहिलं. खिडकी सताड उघडी होती; मी निघाले तेव्हा वहिनी तिच्याशी बसून, श्वास रोखून एक वेलांटी ओढत होती. मी शिवी गिळली.

संध्याकाळी परत आल्यावर मी बादली आणि फडकं घेऊन तिथे गेले आणि दादाचं नाव धुऊन लख्ख केलं. उद्या त्यांना ते लांबून नीट दिसायला हवं.