ॲडमिनच्या अंगठ्याची पोच

मी या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी माझं कपाट टेम्पोत होतं, बायको फाटकाशी होती आणि मी ग्रुपमध्ये होतो. गादीचं एक टोक हमालाच्या डोक्यावर आणि दुसरं माझ्या, अशा थाटात आम्ही जिना चढत होतो. वळणावर कोणीतरी वाट अडवून उभं होतं. गादीखालून मला फक्त चपला दिसत होत्या. चपलांनी माझा मोबाइल नंबर विचारला आणि मीही, लुटारूला पाकीट काढून द्यावं तसा, तो देऊन टाकला. पुढचा मजला येईपर्यंत माझा खिसा इतका थरथरायला लागला की, गादीच्या ओझ्यानं हृदयाचंच काहीतरी बिघडलं असं वाटून मी खाली बसलो. फोन काढून पाहिला. साऱ्या इमारतीनं माझं स्वागत केलं होतं, कुणाचा तरी नळ गळत असल्याबद्दल मला जाब विचारला होता आणि कुणाची तरी मांजर मी पाहिली का, अशी चौकशीही झाली होती. प्रत्येक निरोपाला एक अंगठा चिकटलेला होता.

तो अंगठा त्या चपलांच्या मालकाचा. त्याला सगळे ॲडमिन म्हणत. त्याची बायकोसुद्धा जिन्यातून "ॲडमिन, जेवायला या" अशी हाक मारायची. पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. काच कडेनं घासायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा घासायची. दिवसभर हात ओले, म्हणून फोन खणात. दुपारी जेवण झालं की हात पुसून तो फोन काढी आणि साचलेल्या सगळ्या निरोपांना पहिल्यापासून शेवटपर्यंत अंगठे देत सुटे. त्याच्या लेखी अंगठा म्हणजे पोच. मिळालं, नोंद घेतली, पुढचा बोला. नळ गळतोय, अंगठा. मांजर सापडली, अंगठा. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची सासू वारली, तिलाही अंगठा. मास्तरांनी पुढं बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. बायकोनं समजावलं की, निदान कोणी गेल्यावर तरी हात जोडावेत. पण त्याचं म्हणणं, पोच ती पोच. तिथं माणूस बघून फरक केला की संपलं सगळं.

ग्रुप मात्र त्यानं झकास चालवला होता. गाड्या लावण्यावरून रणकंदन व्हायचं. लिफ्टवर कविता व्हायच्या, त्या लिफ्टपेक्षाही मध्येच अडकायच्या. महापौरांना रोज संध्याकाळी एकदा खुर्चीवरून खाली खेचलं जाई आणि सकाळी ते बिचारे पुन्हा चढून बसत. ॲडमिन पंचाच्या रुबाबात म्हणायचा, "भांडा, पण एकेरीवर येऊ नका."

चौथ्या मजल्यावर एक भाडेकरू होता. तो घर सोडून गेला, पण ग्रुप सोडायला विसरला. त्या उन्हाळ्यात शहराला पाणी नव्हतं. एक दिवस दुपारी या माजी भाडेकरूनं ग्रुपवर एक व्यंगचित्र टाकलं. महापौर काठोकाठ भरलेल्या टबात पहुडलेत आणि बाहेर गावभर बादल्यांची रांग. सगळे हसले. मीही हसलो. जेवण झाल्यावर ॲडमिननं हात पुसले आणि अंगठा दिला.

चित्र फिरत फिरत महापौरांच्या एका चाहत्यापर्यंत पोचलं. त्यानं पोलिसांत तक्रार केली: पदाची बदनामी आणि लोकांना भडकावणं. भाडेकरूचा नंबर बंद लागत होता. मग ग्रुप कुणी काढला याचा शोध सुरू झाला. तो पत्ता सोपा होता. दोन पोलीस दुकानात आले. एकानं आधी आपल्या चष्म्याचा ढिला स्क्रू पिळून घेतला आणि मग ॲडमिनला सोबत चलायला सांगितलं.

ॲडमिनच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला म्हणून मीही चौकीत पोचलो. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चित्राची छापील प्रत टेबलावर सरकवली.

"हा खालचा अंगठा तुमचाच ना?"

"माझाच, साहेब."

"म्हणजे चित्र तुम्हाला पसंत होतं."

"साहेब, मी ते नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. मी सगळ्यालाच देतो. मास्तरांची सासू वारली तेव्हाही दिला होता."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "सासू वारली, त्याला अंगठा?"

"पोच म्हणून."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं बराच वेळ लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. जबाबात लिहिलं होतं की, आरोपी अशा मजकुराला नेहमीच अंगठा देत असल्याचं कबूल करतो. ॲडमिनला काहीतरी सांगायचं होतं. पण "आरोपी" हा शब्द ऐकल्यावर त्याचं तोंड जे उघडलं ते तसंच राहिलं. सही त्यानं मुकाट्यानं केली. फोन पुरावा म्हणून एका पिशवीत गेला आणि पिशवीवर त्याचं नाव पडलं.

वकीलबाई तरुण होत्या आणि भलत्याच निर्धास्त. ग्रुप काढला म्हणून दुसऱ्यानं त्यात काय टाकलं याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, आणि हसण्यासारखं चित्र हा काही गुन्हा नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. सुटका नक्की. ॲडमिननं विचारलं, "कधी?"

"ते मात्र मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या.

मग तारखा सुरू झाल्या. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. ॲडमिननं दुसरा फोन घेतला, नंबर तोच. ग्रुपवर परत आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते असं की, ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. मी भांडायलाच गेलो. त्यानं आत बोलावलं आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"लोकांना बोलू द्या की, ॲडमिन," मी म्हटलं.

"बोला ना. जिन्यात बोला, गच्चीवर बोला," तो म्हणाला. "माझ्या नावाखाली नको."

त्यानंतर ग्रुपवर फक्त सूचना येत. उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. सगळे वाचत आणि गप्प राहत, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. अंगठा देता आला असता, पण तोही कोणी देईना. जिन्यातही कोणी फारसं बोलेना. मास्तर तर फक्त भिंतीवरच्या पालीलाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलायला लागले.

ॲडमिन कामावर जायचा, काचा घासायचा, घरी यायचा. वहिनी सांगायच्या की, भाजी कुठली करू विचारलं तर कुठलीही म्हणतात. पूर्वी भेंडीवरून अर्धा तास वाद घालायचे. टीव्हीवर बातम्या लागल्या की आवाज बंद करून नुसते बघत बसतात. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी महापौरांवर घसरलं. ॲडमिननं समोरचं बटण दाबलं, जो मजला आला तिथं उतरला आणि उरलेला जिना पायी चढला. मी त्याच लिफ्टमध्ये होतो. तो रागावला नव्हता की घाबरलाही नव्हता. चेहऱ्यावर काही नव्हतंच.

निकाल लागला तेव्हा महापौर बदलले होते आणि नळाला पाणी येत होतं. न्यायाधीशांनी थोडक्यात सांगितलं की, यात गुन्हा दिसत नाही. वकीलबाईंनी हात मिळवला. ॲडमिननं मिळवू दिला. पिशवीतला फोन परत मिळाला. आतली बॅटरी फुगून त्याची पाठ उघडली होती. तो त्यानं दुकानातल्या खणात, काचा पुसायच्या फडक्यांखाली ठेवून दिला.

मी माझा चष्मा न्यायच्या निमित्तानं दुकानात गेलो. तो माझ्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता.

"आता सुटलात," मी म्हटलं. "ग्रुप उघडा आता."

"कशाला? काही अडतंय का?"

मी विचार केला. खरोखरच काही अडत नव्हतं. त्यानं समोरच्या तक्त्याकडं बोट केलं आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली. त्यानं मान हलवली आणि चष्मा डबीत घातला.

पुढं ॲडमिन आणि वहिनी मुलीकडं राहायला गेले. तिकडं त्यानं नवा नंबर घेतला. जुना बंद पडला, काही महिन्यांनी ग्रुपमधून आपोआप गळला आणि फोननं मला न विचारताच मला ॲडमिन केलं. मी त्याच दिवशी ग्रुप सगळ्यांसाठी उघडला आणि लिहिलं की, आता कोणालाही लिहिता येईल. सगळ्यांनी वाचलं. कोणी काही लिहिलं नाही. टाकी धुण्याची सूचना हल्ली वॉचमन कागदावर लिहून लिफ्टमध्ये चिकटवतो.