न दिसलेलं तपकिरी कडं

गेल्या मंगळवारी उल्हासनगरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एका स्लाइडवर मला काहीच दिसलं नाही... आणि तेच खटकलं. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय.

माझं काम स्लाइड रंगवण्याचं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे केसापेक्षा पातळ काप करायचे आणि हवं ते प्रोटीन कुठे आहे ते तपकिरी रंगाने दाखवायचं. निदान मॅडम करतात, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट.

गाठ स्तनातली होती. बदलापूरजवळच्या गावातल्या एका बाईंची. प्रश्न एकच... कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे, की नळी फोडून बाहेर पडलाय? आत असेल तर झालेल्या ऑपरेशनवर आणि रेडिएशनवर बहुधा भागतं. बाहेर पडला असेल तर काखेतल्या गाठींसाठी पुन्हा ऑपरेशन.

नळीभोवती पेशींचा एक पातळ थर असतो. त्या पेशींमध्ये पी-६३ नावाचं प्रोटीन असतं, त्यामुळे थर शाबूत असेल तर नळीभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं उमटतं. कॅन्सर बाहेर घुसला की तिथलं कडं नाहीसं होतं. म्हणजे इथे पुरावा कशाचा, तर काहीतरी नसण्याचा. मला या टेस्टचं कुतूहल वाटतं ते त्यामुळेच.

माझ्या स्लाइडवर कडं कुठेच नव्हतं. सोबत रंगवलेली कंट्रोल स्लाइड, म्हणजे जिच्यावर रंग यायलाच हवा अशी दुसरी स्लाइड, मात्र छान तपकिरी आली होती, म्हणजे केमिकल्स ठीक होती. मग मी स्लाइडच्या कोपऱ्यात सरकले. तिथे कॅन्सरपासून लांब, एक अगदी निरोगी नळी होती... आणि तिलाही कडं नव्हतं. हे शक्यच नाही.

मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, "हे निगेटिव्ह नाही गं, ही स्लाइड मुकी आहे. गाठ इथपर्यंत आली कशी, ते विचार आधी."

गाठ आणली होती पेशंटच्या जाऊबाईंनी. आपल्याकडे हे सर्रास चालतं, बरणी नातेवाइकांच्याच हातात देतात. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन, रविवारी लॅब बंद, म्हणून बरणी त्यांच्या घरी राहिली होती. फोन केला तर त्या दुपारी स्वतःच आल्या. हॉस्पिटलमध्ये द्यायचा डबा हातात तसाच.

"बाय, काय त्या पान्याचा वास! डोलं चुरचुरलं," त्या म्हणाल्या. "आमच्या मानसाचं आंग हाय ते, असल्या घान पान्यात कशाला ठेवू? वतलं, आनि बोरिंगचं चांगलं पानी भरलं."

ते 'घाण पाणी' म्हणजे फॉर्मालिन. पेशी जशाच्या तशा टिकतात त्या त्याच्यामुळेच. साध्या पाण्यात त्या फुगतात, सडायला लागतात, आणि त्यांच्यातली प्रोटीन्सही जातात.

"काकी, बरणीवर लिहिलं होतं ना, ओतू नका म्हणून?"

"इंग्लिशमदी. मी मराठी सातवी हाय."

मग त्यांनीच आवाज खाली आणला. "माझ्यान वाढला का गं तो? आमचं दोघींचं पटत नाय, सगल्या गावाला ठावं हाय. आता बोलतील, हिनं मुद्दाम केलं."

मी सांगितलं, बरणीतल्या गाठीत काही वाढत नाही आणि तिच्यामुळे पेशंटच्या अंगात काही होत नाही. फक्त आम्हाला नीट दिसत नाही. "मंग दिसंल का?" त्यांनी विचारलं. मी "माहीत नाही" म्हटलं, कारण खरंच माहीत नव्हतं.

फॉर्मालिन गाठीत बाहेरून आत, हळूहळू शिरतं. पाणी बदलेपर्यंत कडेचा भाग बहुधा टिकला असणार, म्हणून मॅडमनी उरलेल्या गाठीच्या कडेचे नवे तुकडे काढले. मधल्या भागासाठी त्याच थरातलं दुसरं एक प्रोटीन निवडलं. एक गेलं असेल तरी दुसरं राहिलेलं असू शकतं.

या वेळी मी आधी निरोगी नळ्या शोधल्या. कडेच्या तुकड्यांत आणि मधल्या भागात, दोन्हीकडे कडं होतं... बारीक, तपकिरी, पूर्ण. म्हणजे स्लाइड आता खरं सांगत होती. मग मॅडम कॅन्सरच्या नळ्यांकडे वळल्या. एके ठिकाणी कडं विरळ होतं, तिथे त्यांनी लेन्स बदलून पुन्हा बघितलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "कडं सगळीकडे आहे. नळी कुठेच फुटलेली नाही."

रिपोर्ट न्यायला दोघी जावा आल्या. त्यात काय आहे हे सांगायचा अधिकार मला नाही, ते सर्जन सांगतात. मी बंद लिफाफा दिला आणि मला बोलता येईल तेवढंच बोलले, "काकी, पाण्यामुळे रिपोर्ट अडला नाही."

त्यांनी पेशंटकडे बघितलं. पाण्याचं त्यांनी घरी स्वतःहूनच सांगून टाकलं होतं, असं दिसलं. कारण पेशंट मला म्हणाली, "बघ ना बाय, मना कवा तांब्याभर पानी इचारलं नाय हिनं, आनि गाठीला बोरिंगचं पाजलं!"

"बस आता, चल," जाऊबाई म्हणाल्या. आणि तिच्या ऑपरेशन झालेल्या बाजूला धक्का लागू नये म्हणून स्वतः त्या बाजूने चालू लागल्या.

दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं... हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्या दोघींना रिक्षात चढताना बघून मात्र वाटलं, निरोगी नळी शोधायला आपण त्या कोपऱ्यात सरकलो, ते बरं झालं.