दोन बहिणी आणि अण्णांचा तिसरा अंक

हौशी नाटकवाल्यांत काही वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी नंदुरबारला शाळेत भूगोल शिकवायचो आणि शनिवारी लुगडं नेसून सरदारघराण्यातली थोरली बहीण व्हायचो.

नाटक आमची मंडळी चालवणाऱ्या अण्णांनी लिहिलेलं. सरदाराच्या दोन बहिणी. धाकटी गाण्याच्या मास्तराबरोबर पळून जाते. गढीवरच्या जहागीरदारांची धाकटी बहीण काही वर्षांपूर्वी अशीच घर सोडून गेली होती. अण्णा मात्र ज्याला त्याला सांगत, "नाटक काल्पनिक आहे."

* * *

धाकटीचं काम गणपतकडे होतं. आवाज गोड, चाल नाजूक आणि मिशी भरदार. बाप असताना मिशी काढायची नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. अण्णा त्याच्या वडिलांना विनवायला गेले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "मी आजून जित्ता शे. मी जवय मरसू, तवय काढजो."

शेवटी गणपतनं तिन्ही अंक तोंडावर पदर धरून काम केलं. प्रयोगानंतर बायका म्हणाल्या, "पोरगी पळून गेली, पण मर्यादा नाही सोडली."

* * *

सरदारणींना शोभतील असे शालू आमच्याकडे नव्हते. गावात ते फक्त गढीवर होते, म्हणून अण्णा मला घेऊन गढीवरच गेले. जहागीरदारांची थोरली बहीण, विधवा अक्कासाहेब, ओटीवर सुपारी कातरत होत्या.

"नाटक कशाचं?"

"दोन बहिणींचं. काल्पनिक."

"धाकटी काय करते?"

"देवधर्म करते."

"शेवटी?"

"घरातून जाते."

"कुणाबरोबर?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"एकटीच," अण्णा म्हणाले.

अक्कासाहेबांनी आतून दोन शालू मागवले. अण्णांनी घरी येऊन तिसरा अंक बदलला. गाण्याच्या मास्तराचं काम करणारा सखाराम कित्येक दिवस आमच्याशी बोलला नाही.

* * *

अक्कलकुव्याला बाजाराच्या दिवशी प्रयोग लावला. डोंगरातली मंडळी बाजार उरकून पुढे येऊन बसली. आमची मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळायची, पण बघत होती मन लावून. पडदा पडला तरी एक म्हातारा उठेना. मिठाच्या दुकानदाराला त्यांची बोली यायची. त्यानं विचारून आम्हाला सांगितलं, "तो म्हणतो, पोरगी गेली ते ठीक. आमच्याकडंही जातात, मग दोन्हीकडची माणसं बसून मिटवतात. पण पोरगा कुठाय?"

सखाराम इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "मलाही तेच विचारायचं आहे."

* * *

धानोऱ्याला तर नाटकच अपुरं राहिलं. धाकटी पश्चात्तापानं परत येते, थोरली दार लावून घेते, असा प्रवेश होता. मी दार लावलं. गणपत बाहेर रडू लागला. तेवढ्यात प्रेक्षकांतली एक म्हातारी उभी राहिली.

"दार उघड व माय. ती तुन्हीच बहीन शे ना."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पडद्याआडून मानेनं नाही म्हणत होते. म्हातारी बसेना. मागच्या बायकाही उभ्या राहिल्या.

मी दार उघडलं. पुढचा अर्धा अंक दार बंद असण्यावर उभा होता, त्यामुळे नाटक तिथंच संपलं. अण्णा मला म्हणाले, "भूगोल शिकव तू."

* * *

मग अक्कासाहेबांचा निरोप आला, प्रयोग गढीच्या चौकात करा. त्यांच्या भावानं, जहागीरदार दादासाहेबांनी, आधी अण्णांना बाजूला घेतलं. "बहिणीचं नाव या घरात निघत नाही. आमच्यावर एक वाक्य जरी आलं, तरी या मुलखात तुमचा पडदा पुन्हा वर जाणार नाही."

"काल्पनिक आहे, दादासाहेब."

दादासाहेब पहिल्या रांगेत बसले. अक्कासाहेब वरच्या सज्जात, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. धाकटी घर सोडते तो प्रवेश आला. अण्णांनी लिहून दिलेलं वाक्य मी म्हटलं, "उंबरा ओलांडलास, तर तू आम्हाला मेलीस!"

चिकामागून आवाज आला. मोठा नव्हता, पण चौकभर ऐकू गेला.

"मी असं म्हणाले नव्हते."

दादासाहेबांनी मान वर केली नाही. पडद्याआडून अण्णांनी अगदी हळू विचारलं, "मग काय म्हणालात, अक्कासाहेब?"

"जेवून जा, म्हणाले."