अभिमन आबांची बोटं

शिंदखेड्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गाडी शिरली, की सगळं आवार एका माणसाच्या उजव्या हाताकडे बघायचं. अभिमन आबा ढिगात कोपरापर्यंत हात घालत, मूठ वळत आणि आत किती ओल आहे ते सांगत. मग रुईचा झुपका दोन चिमटींत धरून ओढत, पुन्हा ओढत, आणि डोळे मिटून धाग्याची लांबी सांगत. यंत्राने मोजली तरी तेवढीच भरायची. काय तो रुबाब! पण कागदावर सही व्हायची ती खुर्चीतल्या पदवीधर साहेबाची. आबा अकरावी नापास. चाळीस हंगाम त्यांनी त्या खुर्चीशेजारी उभ्याने काढले.

ते उभं राहणं त्यांना सलायचं. मुलगी दिपमाला आठ वर्षांची असताना एकदा डबा घेऊन आली आणि बापासारखी रुई ओढू लागली. आबांनी झुपका हिसकावून घेतला. "हाई तुनं काम नही. तू वही धर." त्यानंतर तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. त्याच वर्षी रुपचंद नावाच्या हमालाला मात्र त्यांनी हाताला धरून सगळी विद्या दिली.

दिपमाला शेतकी विषयात पदवीधर झाली. प्रमाणपत्र छातीशी धरून आबा साहेबाला दाखवून आले. महिन्याभरात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पुढे हात हलू लागला, पण बोटांना गरम चहाचा कपही कळेना.

यंदा जळगावच्या एका जिनिंगची जाहिरात आली. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर हवा, पदवी आवश्यक, शिवाय हाताने दहा नमुने ओळखायचे.

"आबा, चार दिवस आहेत. शिकवा मला," दिपमाला म्हणाली.

आबा हरखून बसले. "ओढ. आते सांग, बोटले काय लागस?"

"मऊ लागतंय."

"अगं, मऊ तर बठ्ठंच लागस! कितलं मऊ?"

"ते तुम्ही सांगा ना!"

आबांनी झुपका घेतला, चोळला, पुन्हा चोळला. काहीच कळलं नाही. ओट्यापाशी भाकरी थापणाऱ्या मंजुळाबाई न राहवून म्हणाल्या, "आठ वरीसनी व्हती, तवय शिकाडं ऱ्हातं तं..." नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

जळगावला दहापैकी तीन नमुने बरोबर आले. पदवी बघून ज्यांनी तिला आदराने बसवलं, त्यांनीच हात बघून परत पाठवलं. घरी येऊन ती निमूट जेवली. तिने चार शब्द सुनावले असते, तर आबांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या सकाळी ती शिंदखेड्याच्या जिनिंगमध्ये गेली. रुपचंद आता तिथे आबांच्या जागी होता. "रुपचंदभाऊ, हंगामभर मला तुमच्याजवळ उभं राहू द्या."

"इचारस काय? तुनाच घरनी विद्या शे हाई!"

मागोमाग काठी टेकत आबा आले. रुपचंदने दिपमालाचं मनगट धरून हात ढिगात घातला होता आणि तो समजावत होता, "मूठ घट्ट नको. ओल आपण व्हईसन हातले लागस." शब्द न् शब्द आबांचा, आवाज परक्याचा.

रुपचंद वळून म्हणाला, "आबा, बराबर सांगस ना मी?"

"माले नको इचारू," आबा म्हणाले. "तूच सांग तिले." आणि त्यांनी तोंड फाटकाकडे फिरवलं.