टाकीवरून फेकलेला चेंडू

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — पण कुठून सुरुवात करावी, तेच धड सुचत नाही.

केडगावात माझा अकरावी-बारावीचा फिजिक्सचा क्लास आहे. तेव्हा तो नवा होता. त्या दिवशी फळ्यावर गणित घातलं: वीस मीटर उंच पाण्याच्या टाकीवरून पंचेचाळीस अंशात वर फेकलेला चेंडू पायथ्यापासून वीस मीटरवर जमिनीवर पडतो, तर फेकतानाचा वेग किती? मी पल्ल्याचं सूत्र लावलं. उत्तर काढलं, सेकंदाला चौदा मीटर.

वैशाली उठली. घोडेगावची मुलगी, रोज एसटीनं यायची, फारसं बोलायची नाही. "सर, चेंडू फेकला त्याच उंचीवर परत आला तरच ते सूत्र चालतं ना? हा तर खाली पडलाय. माझं दहा येतंय."

दहाच येतं. मला त्याच क्षणी कळलं — तेच तर सांगायचंय. फळा पुसून "माझं चुकलं" म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? पण मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, आणि मी म्हणालो, "या मॅडम, आता तुम्हीच शिकवा." वर्गात हशा पिकला. ती खाली बसली. पुन्हा कधी काही विचारलं नाही तिनं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर — कदाचित विसरूनही गेलो असतो. पण महिनाभरात तिचे वडील आले. दारातच चपला काढून उभे राहिले.

"सर, पोरगी म्हनती, मला फिजिक्स जमत न्हाई, आर्ट्सला जाते. धाव्वीला तर लई हुशार हुती. तुमी सांगा, खरंच जमायचं न्हाई का तिला?"

खरं सांगायचं म्हणजे आधी माझी चूक सांगायची. ते माझ्यानं झालं नाही. मी म्हणालो, "तिच्या आवाक्यातलं नाही ते."

त्यांनी मान डोलावली. हात जोडून गेले.

इतक्या वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात वैशाली रसवंतीवर भेटली. सोबत तिची शाळकरी मुलगी. मला बघून उठून उभी राहिली. "सर, तुम्ही वेळेवर सांगितलंत ते बरं झालं. हिलापण सायन्सला घालणार नाही मी. आमच्या डोक्यातच नाही ते."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. आणि मी — मी हसलो. रसाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "हो, झेपेल तेच करावं."